जिभेची पारख

पीरमहंमद चष्मेवाला दगड जिभेला लावून ओळखायचा. नगरच्या कापडबाजारामागच्या बोळात त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन फळ्या, पायानं फिरवायचं एक चाक, लहानमोठ्या लोखंडी वाट्या आणि भिंग घासायच्या कुरुंद दगडाच्या पुडीनं पांढरी झालेली चटई. कुणी भिंग घेऊन आलं की हा बाबा ते उजेडात धरायचाच नाही. जिभेच्या शेंड्याला टेकवायचा, डोळे मिटायचा आणि दोनांतला एक शब्द बोलायचा. "काच." नाहीतर, "बिल्लोर."

बिल्लोर म्हणजे आपली गार. बांधावर पायाला टोचणाऱ्या गारगोटीचीच सख्खी बहीण, पण पाण्यासारखी नितळ. काचेचं भिंग जिभेवर ठेवलं की लगेच कोमट होतं. बिल्लोर होत नाही, तो तोंडातली ऊब ओढून घेतो आणि वर गारच राहतो. बाप मरताना पीरमहंमदाला घर-जमीन काही देऊन गेला नव्हता, ही विद्या तेवढी देऊन गेला. त्यानं तीन कसोट्या शिकवल्या होत्या. पहिली जिभेची. दुसरी आगीची, म्हणजे निखाऱ्यात काच लोळते, तिच्या कडा मेणासारख्या बसतात, आणि बिल्लोर जसाच्या तसा राहतो. मात्र त्याला राखेतच रात्रभर निवू द्यायचं. तिसरी ओरखड्याची. बिल्लोर काचेवर रेघ ओढतो, काच बिल्लोराचं काही वाकडं करू शकत नाही. ही तिसरी सगळ्यांत सोपी, शेंबड्या पोरालाही जमेल अशी, आणि म्हणूनच पीरमहंमदाला तिचा तिटकारा होता. ओरखडे काढूनच दगड ओळखायचा तर चष्मेवाला कशाला हवा, बोहारीण पुरे, असं तो म्हणायचा.

माणसाचा गर्व कुठं मुक्कामाला असेल सांगता येत नाही. कुणाचा मिशीत असतो, कुणाचा पागोट्यात. याचा जिभेच्या शेंड्यावर होता.

त्याचा धाकटा भाऊ नबीलाल. दोघांत वीस वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा नबीलाल तीन वर्षांचा होता, त्याला पीरमहंमदाच्या बायकोनं, हसीनानं वाढवला. तिला स्वतःचं मूल झालं नाही, आणि नबीलाल असल्यामुळं त्याची खंत कुणी फारशी केलीही नाही. चाळिशी उलटल्यावर पीरमहंमदाचा उजवा हात कापायला लागला. थरथरत्या हातानं भिंग घासता येत नाही. तेव्हापासून हात धाकट्याचा आणि जीभ थोरल्याची, अशी घरात वाटणी पडली. नबीलालनं भिंग तयार केलं की पितळी तबकडीत ठेवून भावापुढं करायचं. भावानं ते जिभेला लावून मान हलवली की काम संपलं. मान हलेपर्यंत नबीलाल उभा राहायचा, सव्वीस वर्षांचा बाप्या, शाळेत पाढे म्हणून दाखवल्यासारखा. पीरमहंमदाला हे फार आवडायचं. आवडतं हे त्यानं कधी सांगितलं मात्र नाही.

सन त्रेचाळीसच्या फाल्गुनात तिसगावचे काकासाहेब दुकानात आले. उंचपुरा बागाईतदार माणूस, खांद्यावरच्या उपरण्यात काहीतरी बांधलेलं. त्यांनी गाठ सोडली आणि फळीवर एक दगड ठेवला. वांग्याएवढा, सहा बाजूंचा, टोकाला निमुळता. सहाही बाजू अशा सपाट की कुणी तासून दिल्यात असं वाटावं.

"नव्या हिरीत सुरुंग लावला," काकासाहेब म्हणाले, "तर काळ्या पाषानाच्या पोटात ही एवढी पोकळी निघाली. डोकं घालून बघितलं, तर आत निस्ते काटे. असले शेकड्यानं. बारीक हुते ते पोरांनी नेले, ह्यो एक मोठा घावला."

पीरमहंमदानं दगड हातात फिरवला. आपल्या भागातला काळा पाषाण म्हणजे कधीकाळी वाहत आलेला तापला रस, त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, हे त्यानं बापाकडून ऐकलं होतं. मग पाणी खडकाची चव घेत घेत खाली झिरपतं, पोकळीत थांबतं आणि जाताना आपल्यातलं थोडं ठेवून जातं. असं किती हजार वर्षं चालत असेल ते त्या पाण्यालाच ठाऊक. दगड त्यानं जिभेला लावला. डोळे मिटले. फाल्गुनातल्या सकाळी तो हिवाळ्यातल्या रांजणासारखा गार लागला.

"बिल्लोर. एक नंबर. काय करायचं याचं?"

"माझी आई हाय, बनुबाई. तिचे दोनी मोतीबिंदू काढले. डाक्टरनं नंबर लिहून दिलाय, पन लढाईपायी विलायती काच येत न्हाई म्हनत्यात. तिला नातू झालाय, पीरभाई. हातानं चाचपून बघती, नाक कुनासारखं हाय म्हनून. आपल्याच हिरीतला दगड तिच्या डोळ्याला लावा, एवढंच म्हननं हाय."

पीरमहंमदाला असलं काही ऐकलं की छाती फुगायची. त्यानं चार गिऱ्हाइकांच्या देखत सांगितलं, "दोन्ही भिंगं याच दगडाची होतील. काचेचा तुकडा निघाला तर पीरमहंमदाला बाजारात जोड्यानं मारा."

दगड नबीलालच्या हातात गेला. काम सोपं नव्हतं. तारेला कुरुंदाचं पाणी लावत लावत दगड कापायचा, दिवसाला बोटाच्या पेराएवढाही कापला जात नाही. मग चकत्या राळेनं लाकडी मुठीवर चिकटवायच्या आणि वाटीत घासायच्या, आधी जाड पुडीनं, मग बारीक. चैत्र सगळा यात गेला. शेवटी राहिली झिलई. झिलईची लाल पूड बाजारातून नाहीशी झाली होती. ती होती फक्त भिंगारच्या बाजूला लष्करी कॅम्पात, दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये. आणि कॅम्पाचं नाव पीरमहंमदापुढं काढायची सोय नव्हती. फार पूर्वी तिथल्या एका साहेबानं त्याची जिभेची कसोटी बघून पोट धरून हसून घेतलं होतं. तेव्हापासून कॅम्पाची पायरी चढणार नाही अशी त्यानं आण घेतली होती, आणि आण घरादाराला लागू होती.

नबीलाल गुपचूप गेला. एकदा नाही, तीनदा गेला. वर्कशॉपमध्ये शांतवन मिस्त्री म्हणून एक भला माणूस होता, त्यानं चिमूट-चिमूट पूड दिली आणि झिलई कशी चढतेय ते बघायला भिंगं घेऊन ये म्हणाला. म्हणून नबीलाल भिंगं रुमालात बांधून घेऊन गेला.

बाजारात डोळे कमी नसतात. शेजारचा चांदभाई अत्तरवाला वैशाखातल्या एका दुपारी दुकानाच्या फळीला टेकला आणि कान कोरत म्हणाला, "तुमचा नबी कॅम्पात काय नेऊन देतो हो, रुमालात बांधून?"

"कोण म्हणतं?"

"मी बघितला, दरवाज्यापाशी. मुंबईचा एक दलाल हिंडतोय तिकडं. बिनतारी यंत्रासाठी चोख बिल्लोर पाहिजे म्हणतात. नितळ दगडाला सोन्यासारखं मागतायत. नाही, मी आपलं सांगितलं. माझं काय जातंय?"

त्याचं काहीच गेलं नाही, ते खरंच.

पीरमहंमद उठून आतल्या खोलीत गेला. नबीलालनं दोन्ही भिंगं नुकतीच राळ तापवून मुठीवरून सोडवली होती आणि पुसून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. पत्र्याच्या छपराखाली भट्टीसारखा उकाडा, कट्ट्यावर ऊन. भावाला बघून नबीलाल हसला. भिंगं पितळी तबकडीत ठेवून त्यानं पुढं केली. अशी झिलई पीरमहंमदानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. भिंग तबकडीत आहे की नाही तेच कळत नव्हतं. आणि तेच त्याच्या मनात खुपलं. इतकं पाणीदार भिंग तर विलायती काचेचंच असतं.

त्यानं भिंग जिभेला लावलं. डोळे मिटले.

भिंग कोमट लागलं.

तापलेला दगड वैशाखात, तोही नुकता राळेवरून सोडवलेला, जिभेला गार कसा लागेल? हे तुम्हाला-मला सुचतं. त्यालाही एरवी सुचलं असतं. पण कानात चांदभाई बसला होता, आणि तीस वर्षांत जीभ एकदाही चुकली नव्हती.

"दगड कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"हा काय, भाईजान."

"ही काच आहे. दगड कुठं आहे? कॅम्पात कशाला गेला होतास?"

नबीलालचं हसू मावळलं. "लाल पूड आणायला. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

"पूड आणायला भिंगं घेऊन जावं लागतं?"

"मिस्त्रीला झिलई दाखवायला. भाईजान, ओरखडा काढून बघा ना, या खिडकीच्या काचेवर."

"मला बोहारणीची अक्कल शिकवतोस?" पीरमहंमद ओरडला. दारात हसीना येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "अहो, तो खोटं बोलला की माझ्याकडं बघत नाही. आता बघतोय. तो खरं बोलतोय." तिचं कुणी ऐकलं नाही. पीरमहंमदानं चिमट्यात एक भिंग धरलं, राळेच्या शेगडीत खुपसलं आणि फुंकणीनं फुंकायला लागला. भिंग लाल झालं. बापानं सांगितलं होतं, राखेत रात्रभर निवू दे. पण रागाला रात्रभर थांबायला कुठं सवड असते? त्यानं चिमटा उचलला आणि शेजारच्या पाण्याच्या बादलीत बुडवला. कडकन आवाज झाला. बादलीच्या तळाशी ठिकऱ्या पडल्या.

"बघ," तो म्हणाला. "बिल्लोर असा फुटतो का?"

नबीलाल बादलीकडं बघत राहिला. तीन महिन्यांची मेहनत होती ती. मग त्यानं तबकडी खाली ठेवली, हात धोतराला पुसले, हसीनाच्या पाया पडला आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत येईल असं पीरमहंमदाला वाटलं. आठवडाभरानं कळलं, पोरगा वर्कशॉपात भरती झाला आणि पलटणीबरोबर समुद्रापलीकडं गेला.

पीरमहंमदानं पुढचंही केलं. अर्धवट काही सोडायची त्याची रीत नव्हती. तिसगावच्या बाजारादिवशी तो गेला आणि लोकांच्या देखत काकासाहेबांना म्हणाला, "माझ्या भावानं तुमचा दगड विकला, काचेची भिंगं केली. एक मी फोडलं, एक उरलंय. त्याचा-माझा संबंध संपला. मला जोड्यानं मारा." काकासाहेबांनी मारलं नाही. "जाऊ द्या पीरभाई," एवढंच म्हणाले. पण 'नबीलाल चोर' हे तिसगावापासून नगरापर्यंत पसरायला दुसऱ्या बाजाराची वाट बघावी लागली नाही. उरलेलं एक भिंग पीरमहंमदानं पत्र्याच्या डबीत टाकलं आणि डबी फळीखाली ढकलली.

पौषात कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी दुकानापुढं बैलगाडी थांबली आणि काकासाहेबांचा हात धरून एक म्हातारी उतरली. बनुबाई. तिनं फळी चाचपली आणि तिथंच बसली.

"चष्मेवाल्या," ती म्हणाली, "पोरगा म्हनला, एक भिंग राह्यलंय तुझ्याकडं. काच तर काच. मला दे ते. नातू चालाया लागलाय रं. माझ्या आंगावरनं पळतो आन मला नुसता वारा लागतो."

पीरमहंमद फळीखाली वाकला. त्यानं डबी शोधून काढली. भिंगावर धूळ बसली होती. ती पुसली, आणि हात सवयीनं तोंडाकडं गेला.

जीभ पोळल्यासारखी झाली, इतका गारवा.

त्यानं भिंग काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. तोंडातली ऊब संपत चालली तरी ते गारच. तो उठला, खिडकीपाशी गेला आणि ज्या कसोटीला जन्मभर नावं ठेवली ती केली. भिंगाची कड काचेवरून ओढली. कर्रकन आवाज आला आणि काचेवर पांढरी रेघ उमटली. भिंगाच्या कडेला साधा चराही नव्हता.

"मग ते फुटलं कसं?" तो मोठ्यानं म्हणाला. विचारत कुणाला होता कोण जाणे.

हसीना आतून आली. तिच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती. तिनं ती फळीवर सोडली. त्या दिवशीच्या ठिकऱ्या. सात-आठ महिने तिनं जपून ठेवल्या होत्या आणि एकदाही तोंडातून शब्द काढला नव्हता. पीरमहंमदानं एक ठिकरी उचलली. कडा सुरीसारख्या. कुठंच लोळलेली नाही, बसलेली नाही. काच असती तर आधी आगीत मऊ झाली असती, हे तो त्याच दिवशी बादलीत हात घालून बघू शकला असता. काकासाहेबांच्या दगडाचं टोक, कापून उरलेलं, अजून कोपऱ्यात पडलं होतं. त्यानं ते शेगडीत लाल केलं आणि पाण्यात टाकलं. कडकन आवाज झाला. तसाच.

तो बनुबाईच्या पुढ्यात बसला आणि लहान मुलासारखा रडला. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

म्हातारीनं ऐकून घेतलं. मग हात पुढं केला. त्यानं जुन्या चौकटीत एका बाजूला ते भिंग बसवलं, दुसऱ्या बाजूला कोरा पुठ्ठा घातला आणि तिच्या कानावर चढवलं. बनुबाईनं आधी स्वतःची बोटं बघितली, मग मुलाचं तोंड, मग बैलांची शिंगं. बराच वेळ बघत होती.

"लई चोख केलंय रं पोरानं," ती म्हणाली. "मला येक डोळा दिला त्यानं. दुसरा तू फोडलास, व्हय ना?"

ती हे रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं, असं पीरमहंमदाला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

त्यानंतर जे करता येण्यासारखं होतं ते त्यानं केलं. आण मोडून कॅम्पाच्या दरवाज्यावर गेला. कळलं की नबीलाल आणि शांतवन मिस्त्री दोघं इराकात बसऱ्याला आहेत. पत्रं घातली. सहा घातली, एकाचंही उत्तर आलं नाही. दर बाजाराला तो तिसगावला जायचा, हातात काचेचा तुकडा आणि ती ठिकरी. भेटेल त्याला रेघ ओढून दाखवायचा. "बघा, हा बिल्लोर आहे. माझा भाऊ चोर नव्हता. मी आंधळा होतो." लोक आधी ऐकायचे, मग हसायचे, मग चुकवून जायला लागले. चोर म्हटलेलं एका बाजारात पोचलं होतं. चोर नव्हता हे दोन वर्षांतही पोचलं नाही. चांदभाई म्हणाला, "जाऊ द्या, मी आपलं जे दिसलं ते सांगितलं." त्याच्याशी भांडायचंही पीरमहंमदाच्या जिवावर आलं. भिंग काही चांदभाईनं बादलीत बुडवलं नव्हतं.

शेचाळीस साली लढाईवरची माणसं परतू लागली. एका दुपारी खाकी कोट घातलेला, गळ्यात क्रूस असलेला माणूस दुकानापुढं उभा राहिला. "मी शांतवन. वर्कशॉपातला."

पीरमहंमद फळीवरून उठलाच नाही. "आहे ना तो?"

"हाय. ठनठनीत हाय. बसऱ्याच्या बाजारात चष्म्याचं दुकान टाकलंय."

"माझी पत्रं?"

"सगळी पोचली. ट्रंकंत जपून ठेवलीत."

"वाचली?"

"वाचली. मला बी वाचून दाखवली." शांतवननं टोपी काढून हातात घेतली. सांगावं की न सांगावं असा त्याचा चेहरा झाला. "मी म्हनलं, चल घरी, भावाला चूक कळली. तर म्हनला, मिस्त्री, भाईजानला दगड खरा हाय ते कळलं, म्हनून मी खरा. दगड खोटा निघाला असता तर? भाभीनं दगड न बघता सांगितलं हुतं. मला त्येंच्याकडनं ते पायजे हुतं."

गोष्ट खरी होती.

शांतवननं कोटाच्या खिशातून एक डबी काढली. "हे भाभीसाठी दिलंय. म्हनला, आता चाळीशी लागली असंल तिला."

हसीना दारात आली होती. पीरमहंमदानं डबी उघडली. आत चष्मा होता, बारीक तारेचा. भिंगं चौकटीत आहेत की नाहीत ते कळू नये अशी झिलई. त्यानं चष्मा उचलला. हात सवयीनं वर जाऊ लागला, ओठांपर्यंत गेला आणि तिथं थांबला. मग त्यानं तो तसाच हसीनाच्या हातात दिला.

तिनं तो डोळ्यांना लावला, पदरानं गाल पुसला आणि विचारलं, "काच आहे की बिल्लोर?"

"नबीनं केलाय," पीरमहंमद म्हणाला.